चौतिसाव्या अध्यायावर अडलेलं यंत्र

मला राग लवकर येतो. माझ्या हातून आजवर जी काही चांगली कामं झाली, त्यांतली निम्मी तरी रागाच्या भरात झाली आहेत. ब्रह्मा घाटाच्या वरच्या गल्लीत आमचं घर आहे आणि त्या घरात एक जुना संगणक पुन्हा चालता झाला, ते त्यांतलंच एक काम. त्याला कबाड म्हणणारा दुकानदार मला भेटला नसता, तर मी इतकी इरेला पेटले नसते.

संगणक माझ्या सासऱ्यांचा. मी त्यांना मामंजी म्हणते. महाराष्ट्रात हा शब्द आता फारसा कोणी वापरत नाही असं नणंद पुण्याहून सांगते, पण आमचे पूर्वज काशीला येताना जे सोबत घेऊन आले ते आम्ही जसंच्या तसं वापरतो आहोत, जिथे जमलं नाही तिथे हिंदी घातली आहे. मामंजींनी अठ्ठ्याहत्तरी ओलांडली आहे. आयुष्यभर त्यांनी शुक्ल यजुर्वेद शिकवला. दहा वर्षांपूर्वी त्यांचे कान गेले. ऐकण्याचं यंत्र लावलं की त्यांना गल्लीतली स्कूटर ऐकू येते, माणूस ऐकू येत नाही, म्हणून ते त्यांनी डबीत ठेवून दिलं आहे.

बहिरा माणूस वेद कसा शिकवतो, असं मला कॉलेजातल्या बायका विचारतात. मी मुलींच्या इंटर कॉलेजात फिजिक्स शिकवते. त्यांना मी सांगते की आमच्या शाखेत मंत्र तोंडाने म्हणतात तसा हातानेही म्हणतात. स्वर चढला की उजवा हात वर जातो, उतरला की खाली येतो, काही ठिकाणी आडवा जातो. हात चुकला म्हणजे स्वर चुकला. मामंजी शिष्याचा हात बघतात आणि बोटभर जरी कमी उचलला गेला तरी त्याला थांबवतात. मात्र त्यासाठी हात दिसावा लागतो, सबंध दिसावा लागतो, आणि न अडखळता दिसावा लागतो.

त्यांचा एकच शिष्य आता उरला होता. विशीत असताना तो नागपूरहून येऊन आमच्याच घरी राहिला होता. संहितेचे चाळीस अध्याय. चौतीस झाले आणि त्याचे वडील गेले, घर त्याच्यावर पडलं, तो परत गेला आणि एका शाळेत कारकून झाला. वीस वर्षांनी, केस पिकायला लागल्यावर, त्याचा फोन आला. उरलेले सहा अध्याय द्याल का, असं त्याने विचारलं. मामंजींनी माझ्याकडून कळवलं की आधी ते चौतीस पुन्हा म्हणून दाखव. तीन वर्षं रोज सकाळी सात ते आठ तो नागपुरात पडद्यासमोर बसला आणि मामंजी इथे. एका जुन्या शिष्याने दिलेला तो मोठ्या पडद्याचा संगणक, सगळं पडद्यातच बसवलेलं, त्यासाठीच होता.

ज्या आठवड्यात चौतिसावा अध्याय पुन्हा पुरा झाला, त्याच आठवड्यात व्हिडिओवर बोलायचा तो प्रोग्राम सुरू व्हायचा बंद झाला. संगणकातली प्रणाली फार जुनी झाली आहे, नवी घाला, असं तो म्हणाला. नवी घालायला गेले तर नवी प्रणाली म्हणाली की हे यंत्रच फार जुनं आहे, इथे मी चालणार नाही. सासू-सुनेच्या भांडणात मधला माणूस होतो तशी माझी गत झाली.

आमचे हे बँकेत आहेत आणि शांत स्वभावाचे आहेत. त्यांनी लगेच नवा संगणक घ्यायचं ठरवलं. मामंजी नाही म्हणाले. यंत्र धडधाकट आहे, पडद्याला एक ठिपका नाही, ते टाकून कसं द्यायचं, हा त्यांचा मुद्दा. मग फोनवर पाहून झालं. फोनवर त्यांना शिष्याचा हात काडीएवढा दिसे. फोन टीव्हीला जोडून पाहिला, तर चित्र थांबून थांबून येई. हात वर गेलेला दिसे आणि एकदम खाली आलेला, मधलं गायब. मामंजी उठून गेले.

आणि खरी अडचण वेगळीच होती. हिवाळ्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्याला दोष सांगितला होता. हळूहळू मधलं दिसेनासं होईल, किती दिवसांत ते सांगता येत नाही, म्हणाले. मामंजींनी ते माझ्याकडून पाटीवर लिहून घेतलं, वाचलं आणि पाटी पुसली. मग म्हणाले, "सूनबाई, ते सहा अध्याय त्याच्या हातात ठेवल्याशिवाय मी डोळे मिटत नाही. आणि डोळ्यांनी मला आधी सोडू नये."

संगणक बंद पडल्यावरही ते रोज सातला त्या काळ्या पडद्यासमोर जाऊन बसत आणि आठला उठत. ते मला पाहवत नसे.

म्हणून मी दुकानात गेले. दुकानदाराने नमुना क्रमांक वाचला आणि मान हलवली. "भाभीजी, ये कबाड़ है। कबाड़ी भी सोच के लेगा।" एवढं बोलून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. मी दुकानाच्या पायरीवरच ठरवलं की हे यंत्र आता चालवूनच दाखवायचं. मामंजींसाठी किती आणि त्या दुकानदारासाठी किती, याचा हिशेब मी अजून केलेला नाही.

शोधलं तेव्हा कळलं की जगात माझ्यासारखी इरेला पेटलेली माणसं पुष्कळ आहेत. त्यांनी एक छोटा प्रोग्राम तयार केला आहे, त्याला बूटलोडर म्हणतात. संगणक सुरू झाला की त्याच्या पोटातला पक्का प्रोग्राम, म्हणजे फर्मवेअर, आधी जागा होतो आणि मग मोठ्या प्रणालीला हाक मारतो. हा बूटलोडर त्या दोघांच्या मधे उभा राहतो. लग्न जुळवणारे मध्यस्थ असतात ना, मुलाचं वय विचारलं की "तसा फार नाही" म्हणणारे, तसंच त्याचं काम. नवी प्रणाली विचारते, हे यंत्र कोणत्या सालचं? हा सांगतो, अलीकडचंच आहे. चित्र दाखवायला काय आहे, वायफाय कसं आहे, सगळ्यांची उत्तरं याच्याजवळ तयार. ती उत्तरं एका लांबलचक फाइलमध्ये आपणच लिहून द्यायची असतात, शेकडो ओळी, बहुतेक 'हो' नाहीतर 'नाही'. एक 'हो' चुकला की पडदा काळा.

मी जुनी सगळी कागदपत्रं पेनड्राइव्हवर उतरवून घेतली आणि जुनी प्रणाली पुसून टाकली. आता मागे फिरायची वाट नव्हती. ह्यांना हे मी दोन दिवसांनी सांगितलं.

जूनची सुट्टी मी, कॉलेजातून आणलेल्या एका छोट्या, बिनकॅमेऱ्याच्या लॅपटॉपवर, त्या फाइलला वाहिली. दुपारी तीन ते सहा, बिजली असेल तर. नवी प्रणाली आणि बूटलोडर मी एका वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवले होते; पहिले चार दिवस संगणकाला तो दिसतच नव्हता, कारण मी तो चुकीच्या पद्धतीने फॉरमॅट केला होता. मग दिसला, तर पडदा काळा. चित्राच्या तीन ओळी बदलल्या, तर पांढरी अक्षरं झरझर धावली आणि मधेच थांबली. जुनी यंत्रं चालवणाऱ्यांचा इंटरनेटवर एक ग्रुप आहे, त्यावर कोणी एक अनोळखी माणूस होता, एका वाक्यापेक्षा जास्त कधी लिहीत नसे. त्याने सांगितलं, अमुक ओळ 'नाही' कर. केली. अक्षरं दोन पानं पुढे गेली. त्या दोन पानांचा मला इतका आनंद झाला की मी संकठामातेला जाऊन नारळ ठेवून आले. मधेच माकडांनी गच्चीवरची इंटरनेटची तार तोडली, त्यात तीन दिवस गेले.

त्यात एक नवंच कळलं. आमच्याकडे बिजली गेली की हा संगणक तारीख-वेळ विसरत असे. त्याच्या आत घड्याळाला असतो तसा एक गोल सेल असतो, तो मेला होता. कॉलेज उघडलं त्या आठवड्यात एका सकाळी मी संगणक उघडून नवा सेल बसवला. चालू केल्याबरोबर फर्मवेअरचा निळा पडदा आला: तारीख आणि वेळ भरा. मला पहिल्या तासाला उशीर होत होता. मी मामंजींना पाटीवर लिहून दिलं की इथे तारीख आणि वेळ भरा, मग हे बटण दाबा, आणि पळाले. मामंजींना आकडे भरता येतात, त्यात काय अवघड, असा माझा विचार.

संध्याकाळी आले तर पुढचं पाऊल पडलं होतं. पेनड्राइव्ह लावला, आणि पहिल्यांदाच नव्या प्रणालीचा स्वागताचा पडदा आला, रंगीत, मोठा, स्वच्छ. कोपऱ्यात वेळ दिसत होती आणि ती मिनिटाला मिनिट बरोबर होती. मी 'पुढे' दाबलं. उत्तर आलं: ही प्रत खराब आहे, वापरता येणार नाही.

सबंध प्रणाली परत उतरवली. आमच्या जोडणीवर त्याला दीड दिवस लागतो. तेच उत्तर. दुसरा पेनड्राइव्ह आणला, तेच. तिसऱ्यांदा उतरवली, कॉलेजच्या प्रयोगशाळेत बसून, तेच. बूटलोडरची फाइल मी पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहिली. त्या एका वाक्याच्या माणसाने विचारलं, तारीख बरोबर आहे ना? मी जरा तोऱ्यातच लिहिलं की सेल नवा आहे आणि वेळ मी डोळ्यांनी पाहते आहे.

व्यासपौर्णिमा जवळ येत होती. त्या दिवशी नागपूरचा शिष्य पस्तिसावा अध्याय सुरू करणार होता, असं तीन वर्षांपूर्वीच ठरलेलं. ह्यांनी एका संध्याकाळी मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं की आता हट्ट पुरे, मी नवा घेऊन येतो, बाबांना मी समजावीन. ते रागावले असते तर मी भांडले असते. ते समजुतीने बोलले म्हणून मला रडू आलं. मी चार दिवस मागितले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. बूटलोडर आपण काय काय केलं त्याची नोंद पेनड्राइव्हवर ठेवतो, दर वेळी एक नवी फाइल. त्या फाइलींतली ओळ न् ओळ मी वाचत होते. फाइलींची नावं मात्र कधी वाचली नव्हती. नाव काय वाचायचं? त्या दिवशी सगळ्या फाइली एका रांगेत लावल्या आणि पाहिलं की प्रत्येकीच्या नावात वर्ष, महिना, दिवस असतो. पहिल्या काही फाइलींवर जुनंच कुठलंतरी साल होतं, ते मेलेल्या सेलमुळे. त्यानंतरच्या सगळ्यांवर २०८१.

आधी मला वाटलं, हा एखादा आवृत्तीचा क्रमांक असेल. महिना ०३. दिवस २७ पासून पुढे, शेवटच्या काहींवर महिना ०४. मार्च-एप्रिल? आम्ही जुलैत होतो. मी त्या आकड्याकडे बघत राहिले, आणि आतून मामंजींचा आवाज आला. पाटावर बसून ते कोणाला तरी मोठ्याने सांगत होते की परवा एकादशी.

मी पाटी घेऊन गेले. लिहिलं: त्या दिवशी तारीख काय भरली होती?

मामंजींनी वाचलं आणि प्रांजळपणे सगळं सांगितलं. ज्येष्ठ म्हणजे तिसरा महिना, म्हणून तीन. कृष्ण द्वादशी म्हणजे प्रतिपदेपासून सत्ताविसावी तिथी, म्हणून सत्तावीस. वेळ टीव्हीवरच्या बातम्यांत बघून लावली. वर्षाला मात्र त्रास झाला. "शके एकोणीसशे शेहेचाळीस लिहिलं, तर ते मंजूरच करीना. तीनदा लिहिलं. मग म्हटलं यंत्र काशीतलं आहे, इथला संवत मानत असेल. दोन हजार एक्याऐंशी लिहिलं, एका दमात घेतलं."

शेजारच्या पंचांगात तो महिना आषाढ होता, पण आमच्या घरी महिना महाराष्ट्राच्या रीतीने धरतात. म्हणजे वर्ष काशीचं आणि महिना महाराष्ट्राचा. आमच्या घराण्याचं याहून नेमकं वर्णन कोणी केलेलं मला ठाऊक नाही. चूक त्यांची नव्हतीच. या घरात कोणी तारीख विचारली तर तिथी सांगतात, हे वीस वर्षं इथे नांदलेल्या सुनेला कळायला हवं होतं. तारीख पाहिजे असेल तर बँकेतल्या माणसाला विचारायची असते.

प्रत खराब नव्हती, एकही प्रत खराब नव्हती. प्रत्येक प्रतीवर कंपनीची सही असते आणि त्या सहीला मुदत असते. सत्तावन्न वर्षं पुढे जाऊन बसलेल्या यंत्राला ती सही कधीच बाद झालेली दिसत होती. मी हसत सुटले. मामंजींना वाटलं काही अघटित झालं. त्यांना पाटीवर लिहून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे मी त्याला म्हातारा केला." मग तेही हसले, खांदे हलवत, बिनआवाजाचं.

मी निळा पडदा उघडला, इंग्रजी तारीख भरली, पेनड्राइव्ह लावला. 'पुढे' दाबलं. या वेळी एक पांढरी पट्टी आली आणि मुंगीच्या चालीने भरू लागली. मला उठवेना. ह्यांनी चहा आणून दिला आणि शेजारी बसले, दोघांनी मिळून पट्टी पाहिली. तीनदा यंत्र आपणहून बंद होऊन सुरू झालं आणि तिन्ही वेळा मध्यस्थाने आपलं काम चोख केलं. पाचच्या सुमाराला नव्या प्रणालीने मला विचारलं की तुमची भाषा कोणती. मी मराठी निवडली.

कॅमेरा चालत नव्हता, त्याला आणखी एक ओळ लागली, ती त्या अनोळखी माणसाने सांगितली. तारखेचं काय झालं होतं तेही मी त्याला लिहिलं. त्याने पहिल्यांदाच दोन वाक्यांचं उत्तर दिलं. पहिलं होतं की असं कारण त्याने आजवर ऐकलेलं नाही. दुसरं होतं, तुमच्या सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा.

व्यासपौर्णिमेला सकाळी सातला मामंजी धूतवस्त्र नेसून पडद्यासमोर बसले. नागपूरचा शिष्य दिसला, खांद्यापासून मांडीपर्यंत सबंध, उजवा हात मांडीवर. त्याने गुरूंना वंदन केलं आणि पस्तिसावा अध्याय सुरू केला. हात वर गेला, खाली आला, पाण्यातून फिरावा तसा न अडखळता. दुसऱ्याच मंत्राला मामंजींनी तळहात उभा धरला.

"हात पुरा खाली आला नाही. परत."

दीड-दोन महिन्यांनंतरची ती पहिली चूक. शिष्याने परत म्हटलं. मी दाराशी उभी होते आणि मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. मंत्र मला येत नाहीत, पण तो हात कुठल्या ओळीमुळे दिसतो आहे हे मला माहीत होतं. त्या घरात तेवढं एक मला एकटीलाच माहीत होतं.

दुपारी मी फोनमध्ये चालू संगणकाचा फोटो घेऊन दुकानात गेले. हा पोरकटपणा होता आणि तो मी मजेत केला. दुकानदाराने फोटो मोठा करून पाहिला, परत पाहिला. मग काउंटरखालून तशाच जातीचं एक धूळ खाल्लेलं यंत्र काढलं. "भाभीजी, एक ये भी पड़ा है। देख लीजिएगा?" मी पाहीन म्हटलं. ते आता आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत आहे, तारीख भरून.

पावसाळा गेला, देवदिवाळी गेली. सकाळचा एक तास कधी चुकला नाही. मधे एकदा प्रणालीने स्वतःला सुधारून घेतलं आणि पडदा पुन्हा काळा झाला, पण आता मी भ्यायले नाही. दीड तासात दोन ओळी बदलून मोकळी झाले. मामंजी खुर्ची पडद्याच्या जवळ जवळ सरकवत होते. आधी हातभर अंतर होतं, मग वीतभर राहिलं. मी फक्त पडद्यावरचं चित्र मोठं करत गेले.

चाळिसावा अध्याय अगदी लहान आहे. फेब्रुवारीतल्या एका सकाळी शिष्याने तो म्हटला. घरातले सगळे दाराशी जमलो होतो, ह्यांनी बँकेतून उशिराची परवानगी काढली होती. शेवटी त्याचा हात वर गेला, आडवा झाला, खाली आला आणि मांडीवर थांबला. मामंजींचं नाक जवळजवळ काचेला लागलं होतं. ते त्या थांबलेल्या हाताकडे बघत राहिले. मग मोठ्यांदा, बहिरी माणसं बोलतात तसं, म्हणाले, "एकही चूक नाही. आता तू शिकव."

शिष्य नमस्कारासाठी वाकला आणि पडद्यावर नुसता त्याचा पिकलेला माथा उरला. मामंजींनी काचेवर तळहात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. ह्यांनी माझा हात धरला, चारचौघांत, असं ते कधी करत नाहीत.

होळीनंतर मामंजींना पडद्यावरचा हात दिसेनासा झाला. तोवर सहाच्या सहा अध्याय नागपूरला पोचले होते.